न घेणाऱ्याचं काय जातं, ते आधी बघ

प्रश्न : दादा, मी नाशिकला इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे, इंदिरानगरला राहतो. आम्ही पाच मित्र दोन वर्षांपासून एक ऑनलाइन गेम खेळतोय. महिन्याची फी भरतोच. आता त्याचं नवं एक्स्पान्शन, म्हणजे गेमला जोडून वेगळा विकला जाणारा मोठा भाग, येतंय. साधी एडिशन २,८०० रुपयांना, डिलक्स ४,२०० ला. तिघं डिलक्स प्री-ऑर्डर करायला निघालेत. माझं मन होत नाहीये, आणि एकाकडे तर सध्या पैसेच नाहीत. गेम आधीच विकत घेतला, महिन्याला पैसे देतोय, मग वर परत एवढे कशाला? ही लूट आहे की खरंच तेवढा माल मिळतो?

मी सोळा वर्षं हेच काम करतोय. पुण्यातल्या एका आउटसोर्सिंग स्टुडिओत लेव्हल आर्टिस्ट, म्हणजे गेममधल्या जागा घडवणारा, म्हणून लागलो. बाहेरच्या कंपन्यांच्या ऑनलाइन गेमसाठी डोंगर, देवळं, गुहा, गढ्या बनवल्या. गेली सहा वर्षं नाशिकला घरूनच एका टीमचं काम बघतो. त्यामुळे माझं माप कुठे झुकेल ते आधीच सांगून ठेवतो: एक्स्पान्शनसाठी पैसे मागणं मला मुळीच चुकीचं वाटत नाही. पण काही एक्स्पान्शन अन्यायाची असतात, आणि ती ओळखायची एक खूण मला इतक्या वर्षांत पटली आहे. घेणाऱ्याला काय मिळणार, हे जाहिरातीत असतंच. मी आधी बघतो की न घेणाऱ्याचं काय जाणार.

त्याकडे येतोच. पण आधी हा माल तयार कसा होतो ते ऐक, कारण तुझ्या ‘एवढे कशाला’चं अर्धं उत्तर तिथे आहे.

काही वर्षांपूर्वी एका एक्स्पान्शनमधली एक दरी आमच्या टीमकडे आली होती. दोन्ही बाजूंनी कडे, खाली नदी, मधे पडकं देऊळ आणि देवळाकडे उतरणाऱ्या पायऱ्या. पहिले दोन आठवडे स्क्रीनवर नुसते राखाडी ठोकळे होते. त्याला ब्लॉकआउट म्हणतात. डिझायनर त्या ठोकळ्यांतून कॅरेक्टर पळवून बघतो: इथून शत्रू दिसतो का, पाच जणांना लढायला जागा पुरते का, मागे हटताना पाठ कशाला टेकते. मग दगड, झाडं, पाणी, उजेड. पायऱ्यांसाठी मी दोन दिवस पहाटे गोदाघाटावर गेलो आणि जुन्या दगडी पायऱ्यांचे फोटो काढले. पाय पडून पडून दगड मधे वाटीसारखा झिजतो, कडेची तासलेली धार तशीच राहते आणि ओल धरणाऱ्या फटींत शेवाळ आधी येतं. हे सगळं मॉडेलमध्ये उतरवलं. टेस्टिंगमध्ये कळलं की सगळ्यांत धिप्पाड कॅरेक्टर तिसऱ्या पायरीच्या खळग्यात अडकतं. पायऱ्या परत केल्या. मग कळलं की जुन्या ग्राफिक्स कार्डावर नदीच्या वळणापाशी फ्रेम रेट पडतो, चित्र अडखळतं. नदी परत केली. चार माणसं, अकरा आठवडे, एक दरी. एक्स्पान्शन आलं आणि खेळाडू उडत्या घोड्यांवरून ती दरी मिनिटभरात ओलांडून गेले.

मला वाईट वाटलं होतं, खरं सांगतो. पण एक गोष्ट तेव्हाच डोक्यात पक्की बसली. एखादी गोष्ट बनवायला किती वेळ लागला आणि ती खेळायला किती वेळ लागतो, यांचा एकमेकांशी संबंध नसतो. म्हणून सगळे जो हिशेब करतात, रुपये भागिले तास, त्यावर माझा विश्वास नाही. २,८०० रुपयांत शंभर तास, म्हणजे तासाला २८ रुपये, सिनेमापेक्षा स्वस्त, असं म्हणतात ना, तो. नुसते तासच भरायचे असतील तर स्टुडिओला सोपी वाट असते. तीच रानडुकरं परत मारायला लाव, त्याच वीस मुळ्या परत गोळा करायला लाव, रोज येऊन तेच करायला लाव. असलं डेली क्वेस्ट एक डिझायनर एका दुपारी बनवतो आणि ते लोकांचे महिनेच्या महिने खातं. त्याउलट एक चांगला बॉस, म्हणजे गटानं मिळून हरवायचा मोठा शत्रू, घे. लढाई नऊ-दहा मिनिटांची, पण त्याची प्रत्येक हालचाल, प्रत्येक इशारा, कुणी कुठे उभं राहायचं, कुठे चुकलं तर काय होतं, हे जुळवायला अॅनिमेशन, डिझाइन आणि टेस्टिंगची माणसं महिनोन् महिने बसतात. तासांच्या हिशेबात हा बॉस महाग पडतो. माझ्या लेखी एक्स्पान्शनमधला खरा माल तोच.

जाता जाता रिस्किनबद्दल. जुन्या लांडग्याच्या सांगाड्यावर कोल्ह्याचं कातडं चढवलं की खेळाडू ‘फसवलं’ म्हणून ओरडतात. आम्ही सगळेच सांगाडे परत वापरतो, त्यात लपवण्यासारखं काही नाही. त्यातून वाचलेला वेळ दुसऱ्या चांगल्या कामाला लागतो. बघायचं ते हे की कोल्हा लांडग्यापेक्षा वेगळा लढतो का. तो फक्त दुप्पट मार खाऊन मरत असेल, तर तो लांडगाच आहे.

आता महिन्याची फी. फी वेगळी आणि एक्स्पान्शन वेगळं, ही पद्धत जुनीच आहे. एव्हरक्वेस्ट हा ऑनलाइन गेम १९९९ मध्ये आला, कुनार्क हे त्याचं पहिलं एक्स्पान्शन २००० मध्ये, आणि तेव्हाही दोन्हीचे पैसे वेगळे होते. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टनं तीच वाट धरली: गेम २००४ च्या नोव्हेंबरात, बर्निंग क्रुसेड २००७ च्या जानेवारीत, आणि मग साधारण दर दोन वर्षांनी एक. हिशेब डॉलरमध्ये मांडतो. महिन्याचे १५ डॉलर धरले तर दोन वर्षांचे ३६०. २०२४ च्या ऑगस्टात आलेल्या ‘द वॉर विदिन’ची साधी आवृत्ती ५० डॉलरला होती. म्हणजे दोन वर्षांत खिशातून जाणाऱ्या ४१० डॉलरमधला जेमतेम आठवा हिस्सा एक्स्पान्शनचा. भांडण सगळं त्या आठव्या हिश्श्यावरून होतं आणि उरलेल्या सात हिश्श्यांकडे कुणी बघत नाही.

मी तिथेच बघायला सांगेन. याच गेममध्ये २०१३ च्या सप्टेंबरात ऑर्ग्रिमारच्या वेढ्याचा रेड, म्हणजे मोठ्या गटानं लढायची मोहीम, आला. त्यानंतरचा नवा रेड थेट पुढच्या एक्स्पान्शनमध्ये, आणि ते आलं २०१४ च्या नोव्हेंबरात. मधे चौदा महिने. १५ डॉलरच्या दरानं त्या काळातले २१० डॉलर लोकांनी एकच रेड परत परत खेळायला भरले. एक्स्पान्शन महाग की स्वस्त, हे मला त्या चौदा महिन्यांपुढे किरकोळ वाटतं. तुमच्या गेमच्या मागच्या दोन वर्षांच्या पॅचच्या, म्हणजे मधे मधे येणाऱ्या छोट्या भरींच्या, तारखा एका कागदावर लिही. दर तीन-चार महिन्यांनी खेळण्यासारखं काही आलं असेल तर फी सत्कारणी लागतेय. सहा-आठ महिन्यांचे खड्डे असतील, तर नवं एक्स्पान्शन संपल्यावर परत तेच होणार.

आता मूळ मुद्दा.

२००७ मध्ये मी कॉलेजात होतो. सिडकोतल्या एका सायबर कॅफेत रात्री बसायचो. अमेरिकेतला मावसभाऊ गेम टाइम कार्डाचा नंबर मेलवर पाठवायचा, तो आम्ही तिघांत वाटून वापरायचो. त्या वेळी वॉरक्राफ्टमध्ये मोल्टन कोअर नावाचा चाळीस जणांचा रेड होता. तिथली जांभळी, म्हणजे दुर्मिळ दर्जाची, चिलखतं मिळवायला लोकांचे महिने गेले होते. बर्निंग क्रुसेड आलं, लेव्हलची मर्यादा ६० ची ७० झाली, आणि नव्या खंडातल्या पहिल्याच हेलफायर पेनिन्सुलात साध्या क्वेस्टला मिळणारी हिरवी, खालच्या दर्जाची चिलखतं त्या जांभळ्यांच्या तोडीस तोड निघाली. ज्याला कामाच्या निमित्तानं आकडे हाताळावे लागतात त्याला ठाऊक असतं की हा बदल स्प्रेडशीटमध्ये होतो. मर्यादा दहानं वाढवायला ना नवी दरी लागते, ना नवा बॉस. पण ज्यानं एक्स्पान्शन घेतलं नाही, त्याचं वर्षभराचं कमावलेलं एका रात्रीत जुनं झालं. आणि ज्यानं घेतलं, त्याचंही झालं. हे मी लूट म्हणणार नाही, कारण नव्या सुरुवातीत सगळे एका रेषेवर येतात, नवीन माणसाला गटात शिरता येतं, आणि ते मलाही आवडतं. पण याला किंमत असते आणि ती जाहिरातीत लिहिलेली नसते.

गिल्ड वॉर्स २ नं दुसरी वाट दाखवली. २०१२ मध्ये आलेल्या या गेमला महिन्याची फी नाही आणि लेव्हलची मर्यादा पहिल्या दिवसापासून ८० वर आहे. एकामागून एक एक्स्पान्शन आली, मर्यादा हलली नाही. दहा वर्षांपूर्वी मिळवलेलं सगळ्यांत वरच्या दर्जाचं चिलखत आजही चालतं. २०१७ चं ‘पाथ ऑफ फायर’ ३० डॉलरला आलं, त्यात वाहनं होती, ससा उंच उडी मारायचा, गरुडासारखा ग्रिफन दऱ्यांवरून तरंगायचा. न घेणारा पायी चालायचा, पण त्याच्या हातातलं काही काढून घेतलं नव्हतं. मला ही रीत सगळ्यांत सरळ वाटते. हाच गेम आधी एकदा चुकलाही होता. २०१५ मध्ये पहिलं एक्स्पान्शन ५० डॉलरला जाहीर केलं आणि त्याच पैशांत मूळ गेम सामील केला. नव्या माणसाला दोन गोष्टी, जुन्याला त्याच किमतीत एकच. जुने खेळाडू खवळले, तेव्हा आधीच घेणाऱ्या जुन्यांना एक जादा कॅरेक्टर स्लॉट, म्हणजे आणखी एक पात्र बनवायची जागा, द्यावा लागला. रक्कम तीच होती. आपण आधी आलो म्हणून आपल्याला कमी मोजलं, हे त्यांना लागलं होतं.

डेस्टिनी २ चं उदाहरण याच्या दुसऱ्या टोकाचं. २०१७ च्या डिसेंबरात त्याचं पहिलं छोटं एक्स्पान्शन आलं आणि मूळ गेम विकत घेतलेल्यांसाठी रेडची अवघड आवृत्ती बंद झाली, कारण तिला लागणारी पॉवर लेव्हल, म्हणजे पात्राची ताकद, न घेणाऱ्यांच्या आवाक्याबाहेर गेली. ओरडा झाल्यावर कंपनीनं ते दुरुस्त केलं. पुढे २०२० च्या नोव्हेंबरात मूळ गेमची कथा आणि पहिली दोन एक्स्पान्शन गेममधून काढूनच टाकली. २०२२ च्या फेब्रुवारीत ‘फोर्सेकन’ या एक्स्पान्शनची कथाही गेली, जी लोकांनी २०१८ मध्ये ४० डॉलर देऊन घेतली होती. कंपनीनं कारण दिलं की गेम इतका फुगला की सांभाळणं जड झालं. ते कारण खोटं नाही हे मी माझ्या कामावरून सांगू शकतो. प्रत्येक नव्या बदलाबरोबर सगळा जुना भाग परत तपासावा लागतो, आणि ते काम दरवर्षी वाढतं. पण ही अडचण कंपनीची. तिचा भार पैसे मोजलेल्यानं का उचलायचा? त्याच वर्षी पुढे कंपनीनं जाहीर केलं की यापुढे कुठलंही एक्स्पान्शन गेममधून काढून टाकणार नाही. म्हणजे काढल्यावाचून चालण्यासारखं होतं.

माझ्या स्वतःच्या गटात जे झालं ते सांगतो. गेमचं नाव घेत नाही. आम्ही पाच जण, सगळे नाशिकचे. एक अंबडच्या एमआयडीसीत शिफ्टमध्ये, एक दिंडोरीकडे द्राक्षबागवाला, एकाचं नाशिक रोडला मेडिकल, चौथी माझी चुलतबहीण, पाचवा मी. शनिवारी रात्री साडेदहा ते एक. असं चार वर्षं चाललं. एक्स्पान्शन आलं तेव्हा अंबडवाल्याच्या घरी आजारपण होतं, त्यानं घेतलं नाही. आम्हाला वाटलं होतं की तो जुन्या रेडमध्ये आमच्याबरोबर येईल. पण त्या एक्स्पान्शननं रोजच्या गटाचा शोध, बाजार, गिल्डचा (खेळाडूंच्या संघाचा) हॉल, सगळं नव्या शहरात हलवलं होतं, आणि नव्या शहराचा दरवाजा न घेणाऱ्याला बंद. जुन्या रेडला बक्षीसच उरलं नाही, म्हणून तिथे कुणी फिरकेना. पहिल्या शनिवारी तो कॉलवर आला. आम्ही चौघं नव्या खंडात आणि तो जुन्या गावाच्या चौकात उभा. ‘खेळा तुम्ही, मी ऐकतो,’ म्हणाला. पाऊण तास माइक बंद करून ऐकत बसला. तिसऱ्या शनिवारी आला नाही.

त्या एक्स्पान्शनमध्ये माल उत्तम होता. लढाया सुंदर होत्या. मी त्याचे पैसे परत मागितले नसते. तरीही मी त्याला अन्यायाचं म्हणतो, कारण त्यानं आमचं आधीचं जे होतं, ज्याचे पैसे आम्ही पाचही जणांनी भरले होते, तेही सोबत बंद केलं.

हे नेमबाजीच्या गेमवाल्यांना बरंच आधी कळलं. २०१० मध्ये मॉडर्न वॉरफेअर २ चं पाच मॅपचं, म्हणजे लढायच्या मैदानांचं, पॅक १५ डॉलरला आलं, त्यातले दोन मॅप आधीच्या गेममधलेच होते. जो घेईल तो नव्या मॅपवर, जो घेणार नाही तो जुन्यावर, आणि एकत्र खेळणारे मित्र दोन रांगांत. अशी पॅक वर्षानुवर्षं चालली, दर पॅकला खेळाडू आणखी वाटले गेले आणि सामना जुळायला वेळ लागू लागला. शेवटी २०१९ च्या मॉडर्न वॉरफेअरनं मॅप सगळ्यांना फुकट दिले आणि कमाई बॅटल पास (ठरावीक काळाचं बक्षिसांचं तिकीट) आणि स्किन (दिखाऊ पोशाख) यांवर नेली. बीजीएमआय हा मोबाइलवरचा फुकट गेम खेळणाऱ्यांना तर दुसरी पद्धत माहीतही नसेल. पाथ ऑफ एक्झाइल २०१३ पासून मोठमोठी एक्स्पान्शन फुकट देतोय, पैसे घेतो ते माल ठेवायच्या पेट्यांचे आणि दिखाऊ वस्तूंचे. म्हणून फुकटवाले सगळे साधू, असं समजू नकोस. एकदाच २,८०० देणाऱ्याला आपण किती दिले ते माहीत असतं. दर दोन महिन्यांनी पास, मधेच एखादी पेटी, सणाला एखादी स्किन घेणाऱ्याला वर्षाचा आकडा विचार, सांगता येत नाही. माझ्या भाच्यानं यूपीआयचा इतिहास काढून बेरीज केली तेव्हा आकडा साडेसात हजारांवर गेला, आणि त्या वर्षी त्यानं ‘एकही गेम विकत घेतला नव्हता’. एक रक्कम, एकदा, समोर लिहिलेली. माझं मत याच बाजूला पडतं.

घेतलेलं आपलं राहतं का, हाही विचार कर. २०२० च्या सप्टेंबरात पबजी मोबाइलवर सरकारनं बंदी घातली, ऑक्टोबरअखेर सर्व्हर बंद झाले आणि आपल्याकडच्या कित्येक पोरांच्या स्किन हाताबाहेर गेल्या. २०२१ च्या जुलैत बीजीएमआय आला आणि खात्यातला माल नव्या गेममध्ये नेण्याची सोय झाली म्हणून निभावलं. ‘द क्रू’ या गाड्यांच्या गेमचे सर्व्हर २०२४ च्या मार्चअखेर बंद झाले आणि विकत घेतलेला गेम कुणालाच चालवता येईना. ऑनलाइन गेमचं एक्स्पान्शन तू कपाटात ठेवायला घेत नसतोस. तो गेम चालू आहे तोवर, त्या लोकांबरोबर खेळायला घेतोस. म्हणून ज्याचे पैसे देणार ते पुढच्या सहा-आठ महिन्यांत खेळून होणार आहे का, एवढंच विचारायचं. ‘पुढे कधीतरी खेळेन’ म्हणून तर मुळीच घेऊ नये.

यावर मला सगळ्यांत जास्त शिकवलं ते दिंडोरीच्या मित्रानं. मोठी एक्स्पान्शन ऑगस्ट ते नोव्हेंबर या काळात बरीच येतात, आणि नेमकी तीच द्राक्षाच्या छाटणीची वेळ. छाटणी झाली की वेलीला डोळे फुटणं, विरळणी, डीप (घड औषधात बुडवणं), फवारणी, रात्री पाऊस आला की बागेत पळायचं. मग फेब्रुवारी-मार्चमध्ये तोडणी, व्यापारी, गाड्या, हिशेब. पहिल्या दोन एक्स्पान्शनला त्यानं आमच्या भरीला पडून पहिल्या दिवशी पैसे भरले आणि चार महिने गेम उघडलाही नाही, महिन्याची फी मात्र कापली जात राहिली. तिसऱ्या वेळी त्यानं सांगितलं, ‘माझा माल निघाल्यावर मी येतो.’ तो एप्रिलअखेर आला. एक्स्पान्शन तोवर निम्म्या किमतीत मिळत होतं, पहिल्या महिन्यातले बग गेले होते, मागे पडलेल्याला लवकर वर आणणारी चिलखतं पॅचमध्ये आली होती. दोन आठवड्यांत तो आमच्या बरोबरीला. त्याच मालासाठी मी पूर्ण पैसे दिले होते आणि सर्व्हरच्या रांगेत रात्र काढली होती. पहिल्या आठवड्यात सगळ्यांबरोबर नव्या खंडात पाय ठेवण्याची एक मजा असते, ती त्याला मिळाली नाही, हे खरं. ती मजा मला पूर्ण किमतीच्या मोलाची वाटते. त्याला वाटत नाही. दोघांचाही हिशेब बरोबर आहे.

रांगेवरून आठवलं. फायनल फँटसी १४ चं ‘एंडवॉकर’ २०२१ च्या डिसेंबरात आलं तेव्हा गर्दी इतकी झाली की लोक तासन् तास रांगेत अडकले. कंपनीनं खेळाडूंना आधी ७ आणि मग आणखी १४ दिवस फुकट दिले, आणि गेमची विक्रीच काही आठवडे थांबवली. चालू तेजीत दुकान बंद करणारा दुकानदार मी फार पाहिलेला नाही. त्याच गेमची फुकट चाचणी आता ७० लेव्हलपर्यंत चालते, त्यात मूळ गेम आणि पहिली दोन एक्स्पान्शन पूर्ण येतात, दिवसांची मर्यादा नाही. माल चांगला आहे याची खात्री असलेला माणूसच इतकं चाखायला देतो. तुमच्या गेममध्ये असं काही चाखायला मिळतं का, बघ.

आता तुमच्या पाच जणांचं. डिलक्स सोडून द्या. वरच्या १,४०० रुपयांत बहुतेक वेळा एक वाहन, एक पाळीव प्राणी, एक पोशाख आणि लवकर प्रवेशाचे दोन-तीन दिवस असतात. ते बनवायला एक्स्पान्शनच्या तुलनेत काहीच लागत नाही, हे बनवणाऱ्याकडूनच ऐक. प्री-ऑर्डरनंही काही संपत नाही, डिजिटल मालाचा साठा कधी आटत नाही. स्टीम या ऑनलाइन गेम-दुकानातून घेत असाल तर घेतल्यापासून चौदा दिवसांत आणि दोन तासांच्या आत खेळलं असेल तर पैसे परत मिळतात. एक्स्पान्शनच्या बाबतीत ते दोन तास एक्स्पान्शन घेतल्यानंतर मूळ गेम किती खेळला यावर मोजतात, आणि लवकर प्रवेशातला वेळही त्यात धरतात. कंपनीच्या स्वतःच्या लाँचरवरून घेत असाल तर त्यांचा नियम वेगळा असू शकतो, पैसे भरायच्या आधी वाचा. महिन्याच्या फीचं ऑटो-पे पण तपासा. रिझर्व्ह बँकेच्या नियमानं १५,००० रुपयांपर्यंतची नेहमीची वजावट दर वेळी ओटीपी न मागता होते, मात्र किमान २४ तास आधी सूचना यावी लागते. ती सूचना आली की या महिन्यात खेळणार आहोत का, तेवढं स्वतःला विचार आणि नसशील तर थांबव. परीक्षेच्या महिन्यात तर नक्की थांबव.

तू स्वतः घ्यावंस का, हे मी पॅचच्या तारखांवर आणि तुझ्या परीक्षेच्या वेळापत्रकावर सोडतो. पण ज्याच्याकडे पैसे नाहीत, त्याच्याबद्दल आजच बघ. एक्स्पान्शन येण्याआधी पॅच नोट्स निघतात. त्यात हे शोध: न घेणाऱ्याला गटात बोलावता येतं का, त्याची लेव्हल जुळवून घेणारी सोय आहे का, जुन्या डन्जनचं, म्हणजे छोट्या मोहिमांचं, बक्षीस राहणार आहे का, गिल्डचा हॉल आणि बाजार जुन्या शहरात राहतो का. हे सगळं असेल, तर तिघांनी खुशाल घ्यावं, तुम्ही दोघं तीन-चार महिन्यांनी सवलतीत घ्या, आणि तोवर महिन्यातले दोन शनिवार पाचही जणांनी जुन्या रेडमध्ये खेळायचं असं आत्ताच ठरवून टाका. हे नसेल, तर पाचही जणांनी मिळून एकतर तीन महिने थांबा, नाहीतर डिलक्सचे वाचलेले पैसे एकत्र करून त्याचं घ्या. तिघांचे १,४०० प्रमाणे ४,२०० होतात, आणि साधी एडिशन २,८०० ला आहे.